तुम्ही विचारलंत म्हणून: न नांगरता पीक येतं का?

सिन्नरच्या पूर्वेला आमचं वावर. म्हणजे द्राक्षांचा नाशिक जिल्हा नाही, ढगाकडं बघत बसणारा. पाच एकरातले दोन एकर मी चार वर्षं झाली नांगरलेच नाहीत, त्यामुळं लग्नात भेटलेला पाहुणा असो की खताच्या दुकानातला माणूस, सगळे हेच विचारतात, "भाऊ, न नांगरता पीक येतं का?"

येतं. पण पहिल्या वर्षी कमी आलं, हे आधीच सांगून टाकतो, व्हिडिओवाले ते सांगत नाहीत.

आणि नांगराला मी नावं ठेवत नाही, आबा ठेवूही देणार नाहीत. उन्हाळ्यात ढेकळं तापली की हरळी तणाच्या काशा, म्हणजे जमिनीतल्या गाठाळ मुळ्या, वाळतात, किडींचे कोष वर येतात, ट्रॅक्टरच्या मागं बगळे काय उगाच फिरत नाहीत, आणि उघड्या ढेकळात वळवाचा पाऊसही बरा जिरतो.

मला फरक दिसला तो रब्बीत. ऑक्टोबरात मका निघाला, शेजाऱ्यानं लगेच पलटी नांगर घातला, नारळाएवढी ढेकळं निघाली आणि दोन-तीन दिवसांत ओल उडून गेली, आता हरभऱ्याला पाणी आणायचं कुठून. मी धसकटं तशीच ठेवली, खाली पाला पडलेला होता, मधून हरभरा टोकला. बारा दिवसांनी खुरप्यानं उकरून बघितलं तर आमच्याकडं दोन बोटांखाली मातीचा लाडू वळत होता, मक्याची जुनी मुळी कुजून जे भोक झालेलं त्यातनं हरभऱ्याचं मूळ सरळ खाली उतरलेलं. शेजारी चार बोटं नुसता फुफाटा.

पण मेख त्या पाल्यातच आहे. नांगरट बंद केली आणि जमीन उघडी ठेवली तर वरचा थर थापल्यासारखा बसतो, पाऊस जिरत नाही, वाहून जातो. जगभरच्या ६१० अभ्यासांचा एकत्र हिशोब २०१५ साली आला होता, त्यातही विनानांगरणीचं उत्पादन सरासरीनं कमीच निघालं, फक्त कोरड्या हवेच्या जिरायती भागात जिथं पिकाचे अवशेष वावरात ठेवले आणि पीक फिरवून घेतलं तिथं साधारण ७ टक्के जास्त मिळालं.

आता आमच्याकडं अवशेष म्हणजे काय, तर चारा! बाजरीचं सरमाड, मक्याची ताटं, सगळ्यावर गाईंचा हक्क पहिला. दुष्काळी सालात कुणी चारा वावरात पसरून ठेवला तर लोक वेड्यात काढतील, आणि बरोबरच काढतील. वर तणाचा त्रास वेगळा. बरेच जण ग्लायफोसेट हे तणनाशक मारून मोकळे होतात, पण २०२२ साली केंद्र सरकारनं ते परवानाधारक फवारणीवाल्यांपुरतंच ठेवायचा आदेश काढला, मग राहिलं खुरपं, आणि खुरपायला बाया मिळत नाहीत. नांगरटीचे पैसे वाचले ते बरेचसे तिथंच गेले माझे.

म्हणून बाकीचे तीन एकर अजून नांगरतोच, त्यात कांदाही असतो. दोन एकरांचा घरात तह झालाय, मक्याचा गुडघ्याखालचा भाग वावराला, वरचा गाईंना. आबा अधूनमधून जाऊन तो गुडघ्याखालचाही उपटायला बघतात.