निघताना असं बोलू नये

आमच्या घरी कुणी दाराबाहेर पाऊल टाकताना "जाते" म्हटलं की आजी आतून हाक मारायची, "येते म्हण!" निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारायचं नाही. हातावर दही-साखर ठेवायची आणि अपघात, आजारपण हे शब्द त्या वेळी तोंडातून काढायचे नाहीत. आजी गेली, आता हे खातं आईकडे आहे. त्या शनिवारी सकाळी मी ल्यूटनच्या गाडीत असताना तिचा फोन आला. बिनइंजिनाच्या विमानात बसायला चालले आहे हे तिला माहीत होतं, तरी तिने त्याचं नावसुद्धा काढलं नाही. "बरं, ये जाऊन," एवढंच म्हणाली.

त्यानंतर चार-पाच तासांनी ग्लायडरच्या पुढच्या सीटवर पाच पट्ट्यांनी जखडून बसलेली असताना मागून आवाज आला. "आता केबल तुटली तर काय करायचं, ते ठरवू या."

डन्स्टेबल हे गाव लंडनच्या उत्तरेला, बेडफर्डशायरमध्ये. गावाला लागून खडूच्या दगडाची लांबलचक टेकडी आहे, डन्स्टेबल डाउन्स. उंची जेमतेम 243 मीटर. आपल्या सह्याद्रीत तिला कुणी नावही दिलं नसतं, पण या जिल्ह्यातली ती सर्वांत उंच जागा. पश्चिमेचा वारा तिच्यावर आपटतो आणि वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यासाठी 1930 साली स्थापन झालेला लंडन ग्लायडिंग क्लब तिच्या पायथ्याशी आहे. मी एक दिवसाच्या कोर्ससाठी नाव दिलं होतं.

सकाळ पूर्ण वाया गेली. ढग टेकडीच्या माथ्यावर बसून होते. तीन तास. चहा होता, गप्पा होत्या, पण कधी उडणार हे कुणीच सांगेना, आणि मला अशा वाट बघण्याचा मनापासून त्रास होतो. पुढे मला कळलं की त्यांनाही ते माहीत नसतं. पण कुणीतरी तेवढं तरी सांगायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

ढग उठले तसे सगळे एकदम उठले. इथे उडायला आलेला माणूस दिवसातला बहुतेक वेळ दुसऱ्यांना उडवण्यात घालवतो. एक जण मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला विंच चालवतो, म्हणजे केबल गुंडाळत ग्लायडर हवेत खेचणारं यंत्र. एक जण गाडीने केबल ओढून आणतो. एक जण टेबलाशी बसून कोण किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं ते लिहितो. उतरलेलं ग्लायडर परत ओढून आणताना एकाने पंखाचं टोक धरून चालायचं, ते काम मला मिळालं. पंख सतरा मीटरचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ग्लायडरची चाकं मधोमध एकाच ओळीत असल्यामुळे ते उभं असताना कुणीतरी धरल्याशिवाय एका बाजूला कलतंच. दुपारभर मी ते टोक धरून गवतातून चालले. माझ्या आधी चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा ते धरत होता आणि त्याच्या आधी पांढऱ्या केसांच्या एक बाई. नुसत्या बघ्यांसारखं बसवून ठेवलं नाही, हा पाहुणचार मला फार आवडला.

(जाणार असाल तर पुढे चोच असलेली टोपी नेऊ नका. वरचं आकाश दिसत नाही म्हणून ती काढायला लावतात. मी तशीच टोपी नेली होती आणि दिवसभर उघड्या डोक्याने हिंडले.)

तर, पहिलं उड्डाण. प्रशिक्षक मागे बसले होते. वय सत्तरीच्या आसपास, आवाज संथ. उडण्याआधी ते नऊ गोष्टी मोठ्याने म्हणत तपासतात. कंट्रोल्स, वजन, पट्टे, उपकरणं, असं करत करत झाकण आणि ब्रेक. नववी गोष्ट म्हणजे 'इव्हेंच्युअॅलिटीज'. काय काय विपरीत होऊ शकतं ते.

"केबल तुटली तर आधी नाक खाली. वेग परत आल्याशिवाय दुसरं काही करायचं नाही. पुढे जागा असेल तर सरळ उतरायचं. उंची जास्त असेल आणि पुढे जागा नसेल तर डावीकडे वळायचं, कारण वारा आज उजवीकडून आहे."

माझ्या हातापायातलं बळच गेलं. निघताना असं बोलतात का कुणी? खरंच मनात आलं की आता झाकण उघडून उतरावं. भीती केबल तुटण्याची नव्हती. ते बोललं गेलं होतं, त्याची होती. लहानपणापासून माझ्यात हे मुरलेलं आहे की अशुभ गोष्ट उच्चारली की ती ऐकणारा कुणीतरी असतो.

पण मागचा आवाज जराही हलला नव्हता. बसचं वेळापत्रक वाचून दाखवावं तसं ते बोलले होते. बाहेरच्या मुलाने केबलचं टोक आणलं, त्यावरच्या पट्टीचा रंग सांगितला, प्रशिक्षकांनी तो होय म्हणून मान्य केला. ही पट्टी म्हणजे मुद्दाम कमकुवत ठेवलेली कडी. ताण मर्यादेबाहेर गेला तर विमानाच्या आधी तिने तुटायचं, एवढ्यासाठीच ती केबलमध्ये बसवलेली असते. प्रत्येक जातीच्या ग्लायडरसाठी तिची ताकद ठरलेली असते आणि त्या ताकदीवरून रंग. म्हणजे तुटणं इथे आधीपासून हिशेबात धरलेलं होतं. त्याला जागा दिलेली होती, रंग दिलेला होता. हे कळलं आणि माझा श्वास जाग्यावर आला. आईने फोनवर जे नाव टाळलं होतं ते इथे गवतावर उघडं पडलेलं होतं, आणि सगळे त्याच्याभोवती शांतपणे कामं करत होते.

मुलाने पंख उचलून सरळ धरला. केबल गवतातून सरसरत ताणली गेली. मग पाठीत जोराचा रेटा बसला, दोन-तीन सेकंदांत जमीन सुटली आणि नाक इतकं वर झालं की समोर फक्त आकाश उरलं. हजारेक फुटांवर नाक खाली आलं, केबल सुटल्याचा खट् असा आवाज झाला. तुटली नव्हती, सोडली होती. सहा मिनिटांत आम्ही खाली होतो. त्या सहा मिनिटांतलं मला फारसं आठवत नाही.

दुसरं उड्डाण मात्र जन्मभर आठवेल. टेकडीच्या कडेने जाताना व्हिप्सनेड प्राणिसंग्रहालयाचा तो पांढरा सिंह दिसला, उतारावरचं गवत खरवडून 1933 साली खडूत काढलेला, 147 मीटर लांब. तो बघण्यात मी रमले होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "उजवीकडे, पक्षी." तांबूस अंगाची, दुभंगलेल्या शेपटीची घार गोल फिरत होती. आम्ही तिच्या गोलात शिरलो. बुडाखालून कुणीतरी उचलल्यासारखं झालं आणि चढ-उतार सांगणारं यंत्र भराभर टिकटिकायला लागलं. काचेवर बाहेरून लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. तो सरळ मागे राहिला की विमान हवेत नीट चाललं आहे असं समजायचं. एवढ्या यंत्रांच्या वर तो धागा! विमान वळवायची काठी माझ्या हातात दिली तेव्हा मी एक डोळा धाग्यावर आणि एक घारीवर ठेवला होता. पंखही न हलवता ती आमच्या थोडी वर होती, मान वळवून आमच्याकडे बघत होती.

ही तांबडी घार इंग्लंडमधून माणसांनी मारून संपवली होती. 1989 पासून स्पेनमधले पक्षी आणून याच चिल्टर्न टेकड्यांत सोडले, तेव्हा कुठे ती परतली. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. मला हडपसरची गच्ची आठवत होती. तिथल्या ग्लायडिंग सेंटरची ग्लायडरं आमच्या घरावरून जायची आणि घार कुठली, ग्लायडर कुठलं यावर आम्ही भावंडं भांडायचो. आपल्याकडे तयार झालेल्या ग्लायडरांची नावं अश्विनी, रोहिणी, भरणी, आर्द्रा अशी नक्षत्रांवरून आहेत. ही नावं मला पंचांगाच्या आधी बाबांकडून कळली. रोहिणीत दोघं शेजारी-शेजारी बसतात, हेही त्यांनीच सांगितलं. तेवीस वर्षं त्या मैदानाच्या जवळ राहून मी एकदाही आत गेले नाही, याचं त्या उंचीवर फार वाईट वाटलं. ल्यूटन विमानतळाच्या हद्दीमुळे ठरावीक उंचीवर आम्हाला थांबावं लागलं. घार तशीच वर गेली.

तिसऱ्या उड्डाणाच्या वेळी संध्याकाळ झाली होती. आठ गोष्टी तपासून झाल्या आणि प्रशिक्षक गप्प बसले. मग म्हणाले, "नववी तुम्ही सांगा."

मी सुरुवात केली. केबल तुटली तर आधी नाक खाली. वेग येईपर्यंत दुसरं काही नाही. जागा असेल तर सरळ. नसेल तर डावीकडे...

"वारा बघा."

कडेच्या वाऱ्याच्या पिशवीकडे पाहिलं. दुपारपासून वारा फिरला होता.

"उजवीकडे," मी म्हणाले.

"उजवीकडे," ते म्हणाले, आणि बाहेर पंख धरून उभ्या असलेल्या मुलाला खूण केली.

अंधार पडायच्या आत ग्लायडरं हँगरमध्ये जायची होती. पंखांच्या पुढच्या कडांवर दिवसभराचे किडे चिकटलेले असतात, ते पुसायला मला बादली आणि ओलं फडकं मिळालं. डावा पंख मी पुसला, उजवा त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी. मग हात धुऊन आईला फोन लावला आणि तिला नववी गोष्ट सांगितली, अगदी नाक खाली करण्यापासून. ती बराच वेळ काही बोलली नाही.

"आणि तू हे सगळं निघायच्या आधी बोललीस?"

"हो."

"मोठ्याने?"

"हो, आई."

"कुठल्या बाजूला वळायचं म्हणालीस?" तिने विचारलं.