लाईट गेली आणि...
काल खानापुरात मावशीकडे 'तुंबाड' परत बघत बसलेलो. बाहेर धो धो पाऊस, पडद्यावरही पाऊसच. नेमकी लाईट गेली.

"भ्यालास काय रे?" मावशी.

भ्यालो होतोच की. २०१८ चा पिक्चर, त्यातला राक्षस हस्तर तोंडपाठ झालाय. पण मला तो घाबरवतच नाही. साखळीनं बांधलेली ती म्हातारी आणि तिच्याबरोबर घरात एकटं राहिलेलं पोर, तिथं पोटात गोळा येतो. धाडकन दचकवायला काय, फटाकाही पुरतो! १९६० च्या 'सायको' पिक्चरात न्हाणीतल्या खुनाला रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलेलं, हे माहीत असूनही न्हाणीत डोक्यावर पाणी ओतताना मान मागं वळतेच.

माडीवर झोपणार होतो. गुपचूप मावशीच्या खोलीत चटई टाकली. रात्रभर तिचं घोरणं ऐकलं, बरं वाटलं.