खडक वर चढला

रविवार, रात्री साडेदहा

बूट अजून ओलेच आहेत. वाट म्हणावी तर जेमतेम वीस मिनिटांची. माहितीफलकावर 'सोपी' असंही लिहिलं होतं. लिहिणारा बहुतेक कोरड्या दिवसांत आला असावा, कारण शेवटचा उतार सगळा शेवाळलेला होता आणि तो मी चक्क बसून, सरकत सरकत उतरले. धाकटी मात्र टणाटण उड्या मारत पुढे.

धबधबा दिसायच्या आधी ऐकू आला. मला आधी वारा वाटला.

पहिली दहा मिनिटं फोटोंतच गेली. मग भिंगावर तुषार साचले, सगळं धुरकट येऊ लागलं, तेव्हा कुठे फोन पिशवीत गेला. कड्यावरून वाकताना पाणी अगदी गुळगुळीत होतं, हिरवट काचेसारखं. हातभर खाली आलं की फाटायचं, त्याचे पांढरे पुंजके व्हायचे. नजर एकाच जागी रोखायची, पुंजके तिच्यासमोरून खाली जाऊ द्यायचे. असं मिनिटभर केलं असेल. मग सहज बाजूच्या खडकाकडे पाहिलं, तर खडक वर चालला होता! सावकाश, पण नक्की. गंमत म्हणजे त्याच्या भेगेतलं नेच्याचं पान जागचं हललं नव्हतं. सरकतोय, पण कुठेच जात नाही.

"ताई, मला चक्कर येतेय का गं?" धाकटीनेही करून पाहिलं होतं. मग आम्ही चारदा केलं.

घरी येऊन वाचलं. १८३४ मध्ये रॉबर्ट अॅडम्सने स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यापाशी हेच पाहून लिहून ठेवलंय. खाली जाणारी हालचाल टिपणाऱ्या मेंदूतल्या पेशी बघून बघून मंदावतात. मग स्थिर वस्तूकडे पाहिलं की वरची हालचाल टिपणाऱ्यांचं पारडं जड होतं.

तसा धबधब्याचा खडक खरोखरच सरकतो म्हणा, फक्त वर नाही, मागे. पाणी तळाचा मऊ थर कोरतं, वरचा कठीण ओठ अधांतरी राहतो आणि एक दिवस कोसळतो. नायगारा असाच सुमारे १२,००० वर्षांत ११ किलोमीटर मागे गेलाय. आज ज्या धारदार धोंड्यावर बसून आम्ही पाय बुडवले, तोही कधीकाळी वरच असणार. हे तिथे सुचलं नाही ते बरं, नाहीतर माझी नजर सारखी वरच राहिली असती.

फोटो एकूण त्रेचाळीस. सगळ्यांत तीच पांढरी पट्टी. व्हिडिओ एकच, तोही हललेला. आत्ता तो मिनिटभर टक लावून पाहिला आणि नजर शेजारच्या वर्तमानपत्रावर नेली.

अक्षरं थोडी वर सरकली. धाकटीला उठवून दाखवावं का?