गॅलरीत जायला कारण लागतं का

आर्ट गॅलरीच्या दारात आपल्याकडच्या भल्याभल्यांचा चेहरा बदलतो. आवाज खाली, हात पाठीमागे, आणि एका चित्रासमोर किती वेळ उभं राहिलं म्हणजे बरं दिसेल याचा मनातल्या मनात हिशोब. माझं कॉलेज चर्चगेटला होतं त्यामुळे जहांगीर आर्ट गॅलरी पायी अंतरावर, १९५२ पासून तिथे आहे, तिकीट नाही, कोणी अडवत नाही, तरी काळा घोड्यावरून रोज ऑफिसला जाणारी कितीतरी माणसं आयुष्यात एकदाही त्या पायऱ्या चढत नाहीत. बाहेर फुटपाथवर बसलेल्या चित्रकाराकडून मात्र स्वतःचं पोर्ट्रेट काढून घेतील, वर घासाघीसही करतील. म्हणजे अडचण चित्राची नाहीये, अडचण त्या पायऱ्यांची आहे. आत जायला काहीतरी कारण पाहिजे असं वाटतं, आणि "चित्रं बघायची आहेत" हे कारण आपल्याला स्वतःलाच जरा भारी वाटतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे ऑर्कनी. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्याही वर समुद्रात सत्तरेक बेटं आहेत, त्यातल्या वीसेक बेटांवर वस्ती, सगळी मिळून माणसं बावीस हजारांच्या आसपास. आम्ही स्कॉटलंडमधे राहतो, आई देवगडहून आली होती, तिला म्हटलं चल तुला बेटं दाखवते, तर म्हणाली समुद्रच दाखवायचा होता तर एवढं तिकीट कशाला काढलंस. तरी आली. स्क्रॅब्स्टरहून दीड तासाची फेरी, वाटेत हॉय बेटाचा तो १३७ मीटर उंच सुळका समुद्रात एकटाच उभा दिसतो, सगळे डेकवर फोटो काढत होते आणि आई आत बसून चहावाल्याच्या दुधाला नावं ठेवत होती.

फेरी लागते ते गाव स्ट्रॉमनेस. लोकवस्ती दोनेक हजार, एकच मुख्य रस्ता, तोही दगडी फरशांचा आणि इतका अरुंद की गाडी आली की माणसाने कुणाच्या तरी दारात सरकायचं. समुद्राकडच्या बाजूच्या घरांची पाठ थेट पाण्याला लागलेली, प्रत्येकाचा आपापला छोटा धक्का. वारा मात्र असा की बोलायला तोंड उघडलं की शब्द मागे राहतात. झाडं जवळपास नाहीतच, वाऱ्याला अडवायला कोणी नाही. आईने शाल दोनदा गुंडाळली आणि मग मला तो प्रश्न विचारला जो कुठल्याही सहलीत तासाभराने येतोच. इथे बाथरूम कुठे आहे गो?

समोर पिअर आर्ट्स सेंटर होतं. प्रवेश फुकट, आत उबदार, आणि बाथरूम स्वच्छ. माझी आई जन्मात पहिल्यांदा आर्ट गॅलरीत शिरली ती अशी.

आता या गॅलरीबद्दल थोडं सांगायलाच हवं कारण प्रकरण साधं नाहीये. बाहेरून बघितलं तर गावच्या मानाने बेताची जागा. रस्त्याकडचं घर पूर्वी हडसन्स बे कंपनीच्या एजंटचं, मागे धक्क्यावर गोदाम. ही कंपनी कॅनडात कातड्यांचा धंदा करायची आणि तिची जहाजं अटलांटिक ओलांडायच्या आधी इथे पाणी भरायला थांबायची, आणि पाण्याबरोबर माणसंही भरायची, अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या कॅनडातल्या नोकरांत सुमारे तीन चतुर्थांश लोक ऑर्कनीचे होते. हे मी आईला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, म्हणजे चाकरमानीच की. बरोबर आहे. देवगडच्या बाईला बंदरावर उभं राहून माणूस पाठवणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

तर त्या एजंटच्या घरात आणि गोदामात आज काय लावलंय, तर बार्बरा हेपवर्थ, बेन निकल्सन, नाउम गाबो. म्हणजे विसाव्या शतकातल्या ब्रिटिश आधुनिक कलेची मोठी नावं, जी बघायला लोक लंडनच्या मोठ्या म्युझियममधे जातात, ती इथे मासेमारीच्या गावात धक्क्यावर. याला कारणीभूत एक बाई, मार्गारेट गार्डिनर. १९०४ चा जन्म, १९३० च्या दशकात लंडनच्या हॅम्पस्टेड भागात या कलाकार मंडळींच्या मैत्रीत होती, तेंव्हा त्यांना कोणी फारसं विचारत नव्हतं आणि हिने त्यांची कामं घेतली, बरीचशी मैत्रीखातर, त्यांना चार पैसे मिळावेत म्हणून. पुढे ऑर्कनीला आली, इथल्या प्रेमात पडली, राउझी बेटावर घर घेतलं, आणि मग १९७९ मधे साठहून जास्त कलाकृतींचा आपला सगळा संग्रह ऑर्कनीला देऊन टाकला. शंभर वर्षं जगली. तिचा जोडीदार जे. डी. बर्नाल हा शास्त्रज्ञ, आपल्या दामोदर कोसंबींच्या परिचयातला, जग कधीकधी फारच लहान वाटतं, असो.

मला कौतुक वाटतं ते तिने दिलं याचं नाही, श्रीमंत माणसं देतात. कौतुक कुठे दिलं याचं. लंडनला दिलं असतं तर तळघरातल्या गोडाऊनमधे गेलं असतं अर्धं. इथे मात्र भाजी आणायला निघालेला माणूस येताजाता हेपवर्थ बघू शकतो. येताजाता! या शब्दावर आपण गॅलरीच्या बाबतीत विचारच करत नाही.

आई बाथरूममधून आली आणि एका हेपवर्थसमोर थांबली. लाकडाचं अंडाकृती शिल्प, बाहेरून गुळगुळीत, आत खोल कोरलेलं आणि आतल्या पोकळीला पांढरा रंग. बराच वेळ बघत राहिली. मी जवळ गेले, मनात म्हटलं आता काहीतरी समजावून सांगूया, तर तीच म्हणाली, आमच्या परसातलं उखळ असंच आतून घासून घासून झालं होतं, हात घातला की थंड लागायचं. आणि हात पुढे केला. मी पटकन धरला. तिथल्या खुर्चीवरच्या बाईने बघितलं, पण रागावली नाही, हसून म्हणाली सगळ्यांनाच हात लावावासा वाटतो. बास, त्या वाक्याने आईची भीड चेपली. त्यानंतर त्या दोघींचं जे काय इंग्रजी-मालवणी सुरू झालं ते मी ट्रान्सलेट करता करता थकले. विषय कुर्ल्या. इथेही कुर्ल्या चांगल्या मिळतात, मोठाल्या, तांबूस. आईचं मत की नुसत्या उकडून लोण्याबरोबर खाणं म्हणजे कुर्लीचा अपमान.

पण खरी मजा आली आल्फ्रेड वॉलिसच्या चित्रापाशी. हा गृहस्थ कॉर्नवॉलचा, दूर दक्षिणेकडचा, आधी बोटींवर, मग बंदरात भंगार आणि जहाजाच्या जुन्या सामानाचं दुकान. बायको गेली १९२२ मधे, त्यानंतर सत्तरीच्या आसपास चित्रं काढायला लागला, एकटेपणा घालवायला. शिक्षण शून्य. किराणा दुकानातल्या खोक्यांचे तुकडे, जसे मिळतील तसे वाकडेतिकडे, आणि बोटीला मारायचा उरलेला रंग. १९२८ मधे बेन निकल्सन आणि त्याचा मित्र क्रिस्टोफर वुड सेंट आइव्हज गावातून चालले होते, उघड्या दारातून याची चित्रं दिसली, आणि दोघे थक्क झाले. निकल्सनने पुढे त्याच्याकडून कितीतरी शिकून घेतलं. म्हातारा मात्र १९४२ मधे गरिबांच्या आश्रमात वारला. हे वाचलं की मला नेहमी जरा राग येतो, त्या दोघांच्या थक्क होण्याचं पुढे म्युझियम झालं आणि याला साधी म्हातारपणाची सोय झाली नाही.

त्याच्या चित्रात बोट भलीमोठी, मागची घरं एवढुशी, दीपस्तंभ कुठेतरी कोपऱ्यात आडवा. शिकलेली माणसं म्हणतात पर्स्पेक्टिव्ह नाही, म्हणजे अंतराप्रमाणे वस्तू लहानमोठ्या दाखवायचं गणित नाही. माझ्या आईने चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाली, "ह्येका होडी म्हायत आसा." मग मला समजावलं, की वादळात बाहेर असलेल्या माणसाला होडीच मोठी दिसणार, घर कशाला मोठं दिसेल, ते लांबच असतं. बाजूला एक म्हातारे आजोबा उभे होते, गावचेच असावेत, पायात गमबूट, हातात दुकानाची पिशवी. त्यांना विचारलं तुम्हाला हे आवडतं का, तर म्हणाले बोट ठीक आहे पण या वाऱ्यात हे शीड असं कोणी ठेवणार नाही. आणि निघून गेले. मला वाटतं असा प्रेक्षक वॉलिसला लंडनमधे कधीच मिळाला नसता. आम्ही पाहुणे लोक आधी चित्राखालची चिठ्ठी वाचतो, नाव ओळखीचं असलं की मग मान वर करून चित्र बघतो. गावचा माणूस सरळ चित्राची चूक काढतो. घरच्यासारखं म्हणतात ते हेच असावं, की समोरच्या वस्तूला बिनधास्त नावं ठेवता येतात.

२००७ मधे गॅलरी वाढवली, जुन्या घराशेजारी धक्क्यावर नवीन गडद रंगाची इमारत, आकार मात्र गावातल्या घरांसारखाच उतरत्या छपराचा. समुद्राकडच्या टोकाला मोठी काच. तिथून बंदर दिसतं, बोटी दिसतात. लोक चित्रांपेक्षा त्या काचेपाशीच जास्त वेळ उभे असतात आणि मला त्यात काही चुकीचं वाटत नाही, कारण इथल्याच सिल्विया विशार्टने आयुष्यभर जवळपास तेच केलं. ही स्ट्रॉमनेसची मुलगी, आधी पोस्टात नोकरी केली, मग अॅबरडीनला चित्रकला शिकली, तिथेच शिकवलं, परत आली. गॅलरी व्हायच्या आधी या धक्क्यावरच्या घरात राहायची पण. नंतरच्या वर्षांत तिने आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारा समुद्र आणि पलीकडचं हॉय बेट पुन्हा पुन्हा काढलं, आणि गंमत म्हणजे काचेत पडलेलं खोलीचं प्रतिबिंब सुद्धा त्याच चित्रात. आतलं बाहेर, बाहेरचं आत, नक्की कुठे बसून बघतोय ते कळत नाही. बेटावर हिवाळ्यात नऊला उजाडतं आणि सव्वातीनला मावळतं, माणूस खिडकीशी बसणार नाही तर काय करणार.

मी नंतर एकदा डिसेंबरात एकटी गेले होते. नाताळच्या सुमारास तिथे ओपन प्रदर्शन असतं, ऑर्कनीतल्या लोकांनी आपापलं काम आणून द्यायचं. पाहुणे जवळजवळ नाहीत, सगळी गावची गर्दी, आणि आवाज! शेजारणीने विणलेलं, शाळेतल्या मास्तरांनी रंगवलेलं, कुणाचं फारच चांगलं, कुणाचं ठीकठाक, सगळं एकाच उजेडात नीट लावलेलं, ज्या इमारतीत हेपवर्थ आहे तिथेच. एक बाई दुसरीला चित्रापाशी ओढून नेत होती, यात तुझं कुंपण आलंय बघ म्हणून.

मला एकदम आमच्या शाळेच्या हॉलमधलं दिवाळीचं रांगोळी प्रदर्शन आठवलं. तिथे कुठे कोणी हात पाठीमागे बांधून उभं राहायचं? धाकट्या जावेची रांगोळी सापडेपर्यंत बायका हॉल पालथा घालायच्या, परीक्षकांच्या निकालावर भांडणं व्हायची. चौथ्या दिवशी झाडू. बघायची हौस आपल्याकडे भरपूर आहे, वर्षभर उघडं असलेलं दार नाहीये. काही ठिकाणी आहे, देवरुखसारख्या गावात लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय आहे, जुन्या मराठी चित्रकारांची अस्सल चित्रं तिथे आहेत, पण गणपतीपुळ्याला जाणाऱ्या किती गाड्या तिकडे वळतात देव जाणे.

आणि बाकी शहरांत नाट्यगृहाच्या तळमजल्यावर पालिकेचं कलादालन असतं, तुम्ही बघितलंच असेल. वर्षातले बरेचसे दिवस तिथे साड्यांचा सेल. पूर्वी मला याचा फार संताप यायचा. ऑर्कनी बघून आल्यावर वाटायला लागलं की सेल राहू दे की. बायका येतातच आहेत, तास तास थांबतातच आहेत, रंगावरून, पोतावरून, काठ किती रुंद हवा यावरून तावातावाने बोलताहेत, याहून तयार प्रेक्षक कुठला मिळणार. फक्त भिंती रिकाम्या आहेत तिथे गावातल्या चित्रकारांची चित्रं लावा, दोन बाकडी टाका, आणि बाथरूमचं कुलूप काढा. मागच्या सुट्टीत गेले तेंव्हा एका कलादालनाच्या ऑफिसात जाऊन मी हे खरंच सुचवलं. समोरच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा पण मागवला, आणि म्हणाले, "कल्पना चांगली आहे मॅडम, पण भिंतीचं भाडं चित्रवाल्याकडून घ्यायचं का साडीवाल्याकडून, तेवढं लेखी द्या."