नाव न सांगणारे केंद्र

१९८२ च्या फेब्रुवारीत आमचे मालवाहू जहाज बिस्केच्या उपसागराच्या पश्चिमेला असताना, रत्नागिरीकडच्या आमच्या सुकाण्याच्या पोटात उजव्या बाजूला असह्य कळा सुरू झाल्या आणि सोबत ताप चढला. जहाजावर डॉक्टर नव्हता. "मार्कोनीसाहेब, डॉक्टरला विचारा," एवढेच तो मला म्हणाला. रेडिओ अधिकाऱ्याला खलाशी याच नावाने हाक मारत.

इंग्लंडच्या पोर्टिशेड रेडिओला, म्हणजे जहाजांशी बोलणाऱ्या किनाऱ्यावरच्या केंद्राला, मी ८ मेगाहर्ट्झवर मोर्समधून लक्षणे कळवली. डॉक्टरांचे उत्तर मी उतरवून घेऊ लागलो, तोच हेडफोनमध्ये टकटक सुरू झाली. सेकंदाला १० ठोके, एकाच चालीत, सुतारपक्ष्याने खोडावर चोच मारावी तसे. १९७६ पासून जगभरचे रेडिओवाले या आवाजाला रशियन सुतारपक्षीच म्हणत. समुद्रावर आम्ही ५०० किलोहर्ट्झवर तासातून दोनदा ३ मिनिटे मौन पाळत असू, कुणाची क्षीण हाक आली तर ती ऐकू यावी म्हणून. रेडिओरूमच्या घड्याळावर ती मिनिटे लाल रंगवलेली असत. प्रत्येक जहाज आपला कॉलसाइन, म्हणजे ओळखीची अक्षरे, सांगूनच बोले. या ठोक्यांना मात्र ना नाव होते, ना गाव.

पेनिसिलिनचे इंजेक्शन दर किती तासांनी द्यायचे, तो आकडाच नेमका ठोक्यांखाली गेला. मोर्समधल्या आखूड आवाजाला डिट म्हणतात, लांब आवाजाला डा. शेवटचे दोन डिट तेवढे कानी आले, आणि मोर्समध्ये ५, ६, ७, ८ या चारही आकड्यांच्या शेवटी दोन डिट येतातच. औषधाचा आकडा अंदाजाने लिहिणे मला कदापि मान्य नव्हते. सावकाश पाठवा, प्रत्येक शब्द दोनदा पाठवा, असे कळवूनही भागेना, तेव्हा आम्ही १२ मेगाहर्ट्झवर गेलो. तिथे स्वच्छ ऐकू आले: एक डा, चार डिट. सहा. तो आकडा उलट पाठवून मी खात्री करून घेतली आणि मगच कागद सेकंड मेटच्या हाती दिला. दोन दिवसांनी सुकाण्याला लिस्बनच्या इस्पितळात उतरवले, तो वाचला.

ते ठोके 'दुगा' या सोव्हिएत रडारचे होते, हे पुढे उघड झाले. क्षितिजापलीकडे क्षेपणास्त्र उडाले तर ते हेरण्यासाठी ल्युबेचहून आयनांबराकडे, म्हणजे लहरी परतवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थराकडे, लहरी सोडल्या जात, आणि त्यांचा प्रतिध्वनी चेर्नोबिलजवळची सुमारे १५० मीटर उंच अँटेना टिपत असे. १९८९ मध्ये ती टकटक थांबली. सुकाण्यासाठी डॉक्टरला विचारले त्या दिवशीच्या रेडिओ लॉगमध्ये वेळ आणि फ्रिक्वेन्सी यांच्यापुढे माझ्या हातचा शेरा आहे: "तीव्र व्यत्यय, केंद्र अज्ञात."