तळाचा शिक्का आणि काचेचा रंग

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोलंबस शहराहून पूर्वेला निघालं की तासाभराच्या आत न्यूअर्क येतं. आपल्याकडे या गावाचं नाव कुणी ऐकलेलं नसेल, पण जुनी रंगीत काच जमवणाऱ्यांची ही पंढरी आहे. हायझी कंपनीने 1896 पासून 1957 पर्यंत इथे काच घडवली. ओहायोच्या या पट्ट्यात नैसर्गिक वायू मुबलक आणि स्वस्त होता, त्यामुळे गावोगावी भट्ट्या पेटल्या. केंब्रिज, बेलेअर, लँकेस्टर ही सगळी काचेचीच गावं.

इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत दोन तऱ्हेची काच दिसते. एक 1930 च्या आसपासच्या मंदीतली. ती यंत्रावर झटपट काढलेली आणि स्वस्त असायची. ओट्सच्या डब्यात किंवा सिनेमाच्या तिकिटाबरोबर बशी चक्क फुकट मिळायची. दुसरी हायझीसारख्यांची. ती साच्यात दाबून काढल्यावर पुन्हा आगीवर धरून झळाळी दिलेली असते. साच्याचा सांधा बोटाला जेमतेम जाणवतो आणि वस्तू हातात घेताच वजन कळतं.

हायझीची खूण म्हणजे शंकरपाळ्याच्या आकारात इंग्रजी 'एच'. ती बहुधा तळाशी असते आणि इतकी बारीक की उजेडात तिरकी धरल्याशिवाय दिसत नाही. पण एवढ्यावर विसंबता येत नाही. कारखाना बंद पडल्यावर साचे बेलेअरच्या इम्पीरियल कंपनीने घेतले आणि बरीच वर्षं त्याच 'एच'सकट नवा माल काढला. मग निवाडा रंगावर करावा लागतो. मूनग्लीम हा हिरवा, फ्लेमिंगो हा गुलाबी आणि सहारा हा पिवळा, हे हायझीचे रंग. त्याच साच्यातली वस्तू दुधाळ तपकिरी लहरींची निघाली, तर ती इम्पीरियलची. मला या छंदात सगळ्यात जास्त रस इथे वाटतो: एकाच साच्यातून दोन गावांची काच बाहेर पडते आणि ती ओळखायला नजर तयार करावी लागते.

1984 मध्ये इम्पीरियलही बंद झाली. तेव्हा हायझीच्या संग्राहकांनी पैसे उभे करून ते साचे विकत घेतले. न्यूअर्कच्या संग्रहालयात हे कळलं आणि मला थेट पुण्याजवळचं तळेगाव आठवलं. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागत हिंडून पैसा फंड उभारला, लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिलं आणि 1908 मध्ये तळेगावला काच कारखाना सुरू झाला. तो उभा करायला आलेले ईश्वरदास वार्ष्णेय जपान-अमेरिकेत शिकून आलेले होते.

तळेगावची काच मी अजून हातात घेतलेली नाही. कुणाच्या माळ्यावर पैसा फंडाचा एखादा ग्लास किंवा कंदिलाची चिमणी असेल, तर कृपा करून भंगारात देऊ नका. तळाचा आणि कडेचा जवळून फोटो काढून मला जरूर पाठवा.