वहीतला तासांचा रकाना

रविवार, रात्री

दिवाळी आठ दिवसांवर आली आहे, म्हणून आज दुपारी बसून जुन्या वहीचा हिशेब पुरा केला. गेल्या पाडव्याला ही वही घातली तेव्हा खरेदी, सुटे भाग, टेम्पो आणि विक्री या नेहमीच्या रकान्यांशेजारी मी प्रथमच एक रकाना जास्त आखला होता आणि त्याच्या डोक्यावर ‘तास’ असे लिहिले होते. जुनी शिलाई मशिने विकत घ्यायची, दुरुस्त करायची आणि विकायची, या माझ्या उद्योगाला सहा वर्षे झाली. पण कोणत्या मशीनवर आपले किती तास गेले याची नोंद मी त्याआधी कधीही ठेवली नव्हती. घरचाच माणूस राबतो आहे, त्याची कसली मजुरी धरायची, अशी माझी समजूत होती.

वर्षभरात २३ मशिने घेतली, त्यांतली १९ विकली आणि ४ आतल्या खोलीत पडून आहेत. विकलेल्या १९ मशिनांवर सर्व खर्च वजा जाता ३८,६०० रुपये हाती राहिले. तासांची बेरीज ४१२ आली, म्हणजे तासाला जेमतेम ९४ रुपये. ज्या कारागिराकडून मी मोटार भरून घेतो तो दिवसाचे १,००० रुपये घेतो, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने तासाला १२५. हे सगळे काम त्याच्याकडून करून घेतले असते, तर मला १२,९०० रुपये पदरचे घालावे लागले असते. ज्याला मी सहा वर्षे नफा म्हणत आलो ती माझी मजुरी होती, आणि तीही बाजारभावापेक्षा कमी दराची. बेरीज चुकली असेल म्हणून दोनदा पुन्हा केली. ती बरोबर होती.

त्यानंतर एकेक नोंद वेगळी काढून पाहिली आणि चित्र अधिक स्पष्ट झाले. ३८,६०० पैकी ९,४०० रुपये केवळ दोन मशिनांनी दिले आहेत, आणि त्या दोहोंवर मिळून माझे ११ तास गेले आहेत. उरलेल्या १७ मशिनांनी ४०१ तास घेऊन २९,२०० रुपये दिले, म्हणजे तासाला ७३ रुपये.

ती दोन मशिने जुकी कंपनीची, कारखान्यात चालणारी, एका सुईची होती. पुण्याजवळच्या भोसरीकडचा एक शिलाई कारखाना बंद होत होता आणि महिनाअखेर शेड रिकामी करून द्यायची असल्यामुळे मालकाला भावापेक्षा माल उचलला जाण्याची घाई अधिक होती. मी प्रत्येकी ११,५०० रुपये रोख दिले आणि त्याच दिवशी टेम्पो नेला. मशिनांत दोष असा काही नव्हताच. आतला तेलाचा पंप चालू होता, खालचा दोरा गुंफणाऱ्या हूकवर ओरखडा नव्हता, फक्त कापड पुढे सरकवणारी दातांची पट्टी झिजली होती. तरीही घरी ब्लाउज-ड्रेस शिवणाऱ्या बायकांना ही मशिने जशीच्या तशी उपयोगाची नव्हती, कारण त्यांना लावलेल्या क्लच मोटारी कारखान्यांच्या थ्री-फेज विजेवर चालणाऱ्या होत्या आणि घरात येते ती सिंगल-फेज वीज. शिवाय क्लच मोटार एकदा चालू केली की शिवण चालू असो वा नसो, ती फिरतच राहते आणि तिची घरघर थांबत नाही. मी प्रत्येकी ४,००० रुपयांची सर्व्हो मोटार बसवली. ती घरच्या विजेवर चालते, पाय दाबला तरच फिरते, आणि तिचा वेग नवशिक्यालाही झेपेल इतका कमी ठेवता येतो. टेम्पोचे ६०० रुपये धरून एका मशीनला १६,१०० पडले आणि ते २०,८०० रुपयांना गेले. त्या ४,७०० रुपयांत माझ्या हाताच्या कौशल्याचा भाग फारच थोडा आहे. कारखान्याच्या विजेसाठी बांधलेली वस्तू घरच्या विजेपर्यंत आणून सोडली, एवढ्याचेच ते पैसे आहेत, आणि मी त्यालाच नफा म्हणायला हवे होते.

बुधवार

पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सणापूर्वी लोक घरे आवरतात, त्यामुळे या दिवसांत तिथे माल पुष्कळ येतो. मी नेहमीप्रमाणे खिशात कापडाचा तुकडा, दोऱ्याचे रीळ आणि भरलेली बॉबिन घेऊन सकाळी लवकर गेलो. मशीन पाहताना माझा क्रम ठरलेला आहे. आधी हाताने चाक सावकाश फिरवायचे आणि ते कुठे अडते ते पाहायचे. मग सुईची दांडी दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवायची, कारण ती तिथे खेळत असेल तर झीज आतपर्यंत पोहोचलेली असते. आणि शेवटी झाकण काढून शटल, म्हणजे खालच्या बॉबिनभोवतीचा भाग, जिथे फिरते त्या जागेवरून नख फिरवायचे. रंग, नक्षी आणि चकाकी पाहून मी पूर्वी पुष्कळ फसलो आहे.

आज एक काळे सिंगर मिळाले. पायाचे, लोखंडी स्टँडसह, १,८०० रुपयांना. अंगावरचा क्रमांक ‘वाय’ या अक्षराने सुरू होतो, म्हणजे ते स्कॉटलंडमधल्या क्लाईडबँकच्या कारखान्यात तयार झालेले आहे. तो कारखाना १९८० साली बंद पडला, आणि हे मशीन मात्र तेल दिले तर उद्याही शिवायला लागेल, हा विचार मनात आला की माझा हात खिशाकडे जातो. वहीतली तासाला ७३ रुपये देणारी मशिने बहुतेक अशीच आहेत. हे मला रविवारीच कळले होते आणि तरीही आज मी ते घेतले. त्याबद्दल पश्चात्ताप नाही. मात्र ते कोणत्या रकान्यात जाते आहे हे घेतानाच ठाऊक होते, एवढा फरक पडला.

परत निघताना एक मुलगा लोखंड कापायचा ग्राइंडर घेऊन मागे लागला. वायर कापलेली, क्रमांकाची पट्टी खरवडलेली, आणि किंमत निम्म्याहूनही कमी. मी नको म्हणालो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे, हे कारण आहेच. पण ज्या वेल्डरचे ते असेल त्याचा आजचा रोज बुडाला असणार, हे डोळ्यांसमोर आले. मी लोकांच्या घरातून माल उचलतो तेव्हा दोन ओळींची पावती लिहून घेतो, तिच्यावर देणाऱ्याची सही घेतो आणि ओळखपत्राची प्रत जोडतो. काहींना ते अपमानास्पद वाटते. त्यांना मी समजावून सांगतो आणि तरीही पटले नाही, तर सौदा सोडतो.

शुक्रवार

सिंगरवर काल आणि आज मिळून साडेआठ तास गेले. कुणीतरी वर्षानुवर्षे त्यात खोबरेल तेल घातले होते. ते वाळून डिंकासारखे झाले होते आणि चाक हलेनासे झाले होते. रॉकेलने धुऊन, पुन्हा पुसून, एकेक छिद्रात मशीनचे पातळ तेल सोडले. सुई तळापासून सुमारे २ मिलिमीटर वर आली की शटलचे टोक नेमके सुईमागे यायला हवे. ते उशिरा येत होते, म्हणून टाके सुटत होते. ते जुळवले आणि संध्याकाळी पहिली सरळ शिवण पडली. तो आवाज ऐकताना मला तासांचा रकाना खरोखरच आठवला नाही.

रात्री कॅफेची सजावट करणाऱ्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांना फक्त लोखंडी स्टँड हवा आहे. त्यावर ते लाकडी फळी टाकून टेबल करतात, आणि त्याचे ३,००० रुपये द्यायला ते तयार आहेत. संपूर्ण चालू मशीनला मला गिऱ्हाईक मिळते ते ३,२०० रुपयांचे. असे स्टँड गेले की वरची मुंडकी किलोवर भंगारात जातात, हे मी पाहिले आहे, आणि म्हणून आजवर मी स्टँड वेगळा विकायला नकार देत आलो. आज बराच वेळ विचार करून होकार दिला. उरलेल्या मुंडक्याचे चाक आऱ्यांचे आहे, त्यामुळे त्याला हाताने फिरवायचा दांडा बसतो. दांडा आणि लाकडी बैठक मिळून ६५० रुपयांत होईल. ज्यांच्या खोलीत पायाच्या मशीनला जागाच नाही, अशा कुणाकडे ते जाईल. एका हाताने चाक फिरवायचे असल्यामुळे कापड धरायला एकच हात उरतो आणि काम सावकाश होते, शिवाय टाका उलटा घेता येत नाही, या दोन्ही गोष्टी मी चिठ्ठीवर लिहून मशीनला बांधून ठेवल्या आहेत.

भोसरीच्याच बाजूने आज आणखी एक निरोप आला आहे. सहा जुकी आहेत, मोटारी थ्री-फेजच्या, आणि सोमवारपर्यंत जागा खाली करायची आहे. सहाच्या सहा घेण्याइतके पैसे जवळ नाहीत, कारण ९,७०० रुपये आतल्या खोलीतल्या चार मशिनांत अडकले आहेत. उद्या सकाळी ८ वाजता टेम्पो बोलावला आहे. दोन नक्की घेईन, आणि मालक पैशांसाठी पाडव्यापर्यंत थांबला तर तिसरेही.